बोटांना न लागलेलं उणे

“इथलं उणे कुठंय?” अण्णांनी बोट पानावर तसंच ठेवून विचारलं.

प्रोग्रामरबाईंनी स्क्रीनकडे पाहिलं. “आहे की. उणे पाच अंश. मला तर नीट दिसतंय.”

“तुम्हाला दिसतंय हो. पुस्तक कुणासाठी आहे?”

अण्णा जन्मांध. ब्रेल पुस्तकं काढणाऱ्या या छापखान्यात प्रत्येक पुस्तकाची नमुना प्रत आधी त्यांच्या बोटांखालून जायची. गणिताच्या या प्रतीत पानोपानी उणे गायब होतं.

बाईंनी फाइल उघडली आणि त्या वरमल्या. “माझ्या नव्या प्रोग्राममुळे झालंय. पुस्तकाच्या मूळ एक्सएमएल फाइलीत उण्याच्या चिन्हाऐवजी अक्षरांतला एक संकेत लिहिलेला असतो. माझा प्रोग्राम फाइल वाचतानाच तो उलगडून त्याचं चिन्ह करून टाकतो. ठिपके उठवणाऱ्या आपल्या जुन्या यंत्राला फक्त संकेत कळतो. चिन्ह आलं की ते गुपचूप गाळतं.”

“मग संकेत आहे तसा ठेवा.”

“ठेवता येईल. पण सगळं पुस्तक पुन्हा काढावं लागेल.”

छापखान्याचे साहेब बाजूलाच उभे होते. त्यांनी हात झटकले. “परवा पुस्तकं शाळांत पोचायला हवीत. दुरुस्तीचं पत्र मागाहून पाठवू. एवढं काय अडलंय, अण्णा? मुलं घेतील समजून.”

अण्णांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणे समजून घेतील! डोळस मुलांच्या पुस्तकातलं एक उणे गळलं असतं, तर याच माणसाने छापखाना डोक्यावर घेतला असता. आंधळ्यांनी मात्र जन्मभर समजून घ्यायचं. उत्तर चुकलं की बोल पोरालाच लागणार, आणि पोरगं स्वतःला ढ समजून गणिताचा नाद सोडणार.

“मी हे पास करणार नाही,” ते म्हणाले.

पुस्तकं तरीही छापली गेली. दुसऱ्या दिवशी अण्णांनी गठ्ठ्यातली एक प्रत उघडली, तर पहिल्या पानाच्या तळाशी तपासनीस म्हणून त्यांचंच नाव. त्या नावाशिवाय शाळा पुस्तक घेत नसत, म्हणून त्यांना न विचारताच ठोकून दिलं होतं.

अण्णांनी स्टूल ओढलं. अंगठ्याचं नख दाबून ते नावाचा एकेक ठिपका सपाट करू लागले.

बाई दारात थबकल्या. “अण्णा, साहेब कामावरून काढतील हो.”

“काढू देत. माझ्या नावावर हे खपवायचं नाही.”

बाई आत आल्या. मग त्यांनी गठ्ठ्यातली दुसरी प्रत उचलली.

“नाव नेमकं कुठंय? मला ब्रेल वाचता येत नाही.”

अण्णांनी त्यांचं बोट धरून शेवटच्या ओळीवर ठेवलं.