सना ते अम्मान, पावणेतीन तास

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. सना शहरातल्या हाजी मुक्बिल यांच्या विमान तिकिटांच्या दुकानात मी कैक वर्षे टांगलेला होतो. माझ्यावर शहरांची नावे, अंतरे आणि प्रवासाचे तास रंगवलेले आहेत. पहिलीच ओळ वाचा : अम्मान, दोन हजार किलोमीटर, पावणेतीन तास. या ओळीत खोटे काही नाही. तरीही ती वाचली की माझे डोके फिरते.

रंगाऱ्याने तीन दिवस खपून मला सजवले. हाजी रोज सकाळी मला फडक्याने पुसत. गिऱ्हाईक आधी माझ्याकडे पाही. "पावणेतीन तास? म्हणजे नाश्ता इथं आणि जेवण तिथं," असे म्हणून हसे. शेजारच्या शाळेतल्या अतीकाबाई वर्ग घेऊन यायच्या आणि मुलांकडून माझ्यावरची नावे वाचून घ्यायच्या. "हाजी, तुमच्या फलकावरचं अक्षर फळ्यावरच्या माझ्या अक्षरापेक्षा बरं आहे," त्या म्हणत. मी फुगून जाई.

मग युद्ध आले. सामान्य माणसांची विमाने बंद झाली. सामान्य माणसांची, नीट ऐका. परदेशी संस्थांच्या बड्या साहेबांची विमाने दर आठवड्याला आमच्या छपरावरून जात आणि दुकानाच्या काचा थरथरत.

त्याच सुमारास अतीकाबाईंच्या हृदयाची झडप बिघडली. अम्मानच्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली. त्यांचे यजमान अब्दुलबारी, स्वभावाने अगदी गरीब माणूस, दुकानात आले.

"हाजी, काहीतरी करा. पावणेतीन तासांचा तर प्रश्न आहे."

"इथून विमान उडालं तर, भावा. आता मोटारीनं एडनला जायचं, तिथून विमान. वाटेत घाट, चौक्या. नुसत्या मोटारीचे पंधरा तास धर."

"तेवढं तिला सोसणार नाही म्हणतात डॉक्टर."

"मग साहेबांच्या विमानात एक जागा मागून बघ. रिकामीच जातात ती."

अब्दुलबारींनी अकरा अर्ज केले. अकरा वेळा उत्तर आले : विचार चालू आहे. शेवटी ते मोटारीने निघाले. बाराव्या तासाला, एका चौकीवर कागद तपासले जात असताना, अतीकाबाई गेल्या. शिपाई मात्र पासपोर्टावरचा फोटो त्यांच्या चेहऱ्याशी ताडून पाहत राहिला.

चाळीस दिवसांनी अब्दुलबारी दुकानात आले. जाड काळ्या पेनाने माझ्या पहिल्या ओळीखाली त्यांनी लिहिले : अतीका, बारा तास, पोचली नाही.

हाजी म्हणाले, "आणखी मोठं लिही. रस्त्यावरून दिसलं पाहिजे."

पुढे थोडी विमाने सुरू झाली. हाजी अंथरुणाला खिळले आणि दुकान पुतण्याकडे गेले. "असलं वाचून गिऱ्हाईक बिथरतं," म्हणत त्याने मला मागच्या खोलीत, तोंड भिंतीकडे करून ठेवले. वर्षभर मी धूळ खाल्ली.

एके दिवशी आवाज आला. "तो फलक कुठंय?"

"अडगळीत आहे. त्याचा काय उपयोग आता?"

"तुला नसेल. मला दे."

अब्दुलबारींनी मला खांद्यावर घरी नेले आणि बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून ठोकले.

मित्रांनो, इथे ऊन फार आहे. माझा रंग उडत चालला आहे. या गल्लीतून गेलात तर घटकाभर थांबा. पहिली ओळ पुसली गेली तर जाऊ द्या. दुसरी मात्र गिरवत राहा.