प्राजक्तानं मागितलेली सोबत

वरूडला संत्र्याचा हंगाम सुरू झाला तेव्हा माधवी रागिणीच्या घरच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. असेल अठरा-एकोणीसची. दिवसभर पॅकिंगच्या शेडमध्ये संत्री निवडायची आणि संध्याकाळी प्राजक्ताजवळ येऊन बसायची.

प्राजक्ता ही रागिणीची मोठी बहीण. लहानपणापासून तिला सिकलसेल, रक्ताचा आजार. दुखणं उठलं की ती किंचाळायची, आणि आई दाराआड तोंडात पदर कोंबून उभी राहायची. पण माधवीनं कपाळावर हात ठेवला की ती शांत व्हायची. इंजेक्शननंही असा आराम पडत नसे. रागिणीला आधी बरं वाटलं, मग थोडा हेवा वाटू लागला.

एका सुटीच्या दुपारी ती हाक न मारताच माधवीच्या खोलीत शिरली. माधवी पाठमोरी, केस पुसत होती. तिच्या उघड्या पाठीवर दोन पंख मिटलेले होते. होला पक्ष्याच्या पंखांसारखे मातकट, कडेला झिजलेले.

"तू कोन व्हय?" रागिणीनं कसंबसं विचारलं.

माधवीनं काही लपवलं नाही. "देवदूत म्हन. आमी लोकाईतच राह्यतो. ज्याची येळ जवळ आली, त्याच्यापाशी."

रागिणी तिच्यापुढे आली. "मंग वाचव ना तिले! दुखनं थांबवतं ना तू?"

"दुखनं थांबवता येते, रागिणी. मरन नाई. म्या लय खेप करून पाह्यलं."

रागिणीनं तिची पिशवी उचलून अंगणात फेकली. "तू आली म्हनून ते मरून राह्यली! निंघ आमच्या घरातून!"

माधवी गेली.

पुढच्याच आठवड्यात प्राजक्ताला अमरावतीच्या दवाखान्यात न्यावं लागलं. ऑक्सिजन लावलेला, तरी ती विचारायची, "माधवी काहून नाई आली?"

"कामावर हाय," रागिणी सांगायची. माधवी आली नाही तर मरणही येणार नाही, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पण एका सकाळी प्राजक्तानं दुखण्यानं स्वतःचा ओठ चावून रक्तबंबाळ केला. "रागे," ती म्हणाली, "आता नाई सहन होत. तिले आन ना."

रागिणी वरूडच्या एसटीत बसली. शेडमध्ये संत्र्यांच्या ढिगाशी माधवी उभी होती.

"चाल," रागिणी म्हणाली.

"मी आली की काय होईन, तुले मालूम हाय ना?"

"मालूम हाय."

परतताना मोर्शीपासून रागिणी खिडकीकडे तोंड करून रडत होती. माधवीनं तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, तसा तिनं तो झिडकारला. आपलं दुखणं तिला थांबायला नको होतं.

दवाखान्यात माधवी उशाशी बसली. प्राजक्ताच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. कितीतरी दिवसांनी ती हसली. "रागे, येनी घाल ना. केस लय गुतले."

रागिणी पेड घालू लागली. आई पाय चोळत होती. वेणी निम्मी झाली आणि प्राजक्ताचा श्वास थांबला. रागिणीचे हात थांबले नाहीत. तिनं वेणी पुरी घातली, रिबीन बांधली. मग वर पाहिलं, तर माधवी नव्हती.

घरी नेताना गाडीत आई म्हणाली, "झोपल्यावानी गेली माही पोरगी. देवानं तेवढं तरी केलं."

कुणाला आणलं होतं, ते रागिणीनं आईला सांगितलं नाही. तिनं बहिणीचं डोकं मांडीवर घेतलं आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांनी ते हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवलं.