वाढत्या अंगाचं जाकीट

अरबी समुद्राशी झुंज देऊन सहीसलामत परत आलेला वऱ्हाडच्या मातीतला मी एक महान योद्धा आहे. खरं तर एखाद्या चौकात माझा पुतळा असायला हवा होता. तो नाही, कारण मी एक जुनं, झेंडूच्या रंगाचं, तीन वर्षांच्या पोरीचं तरंगतं जाकीट आहे आणि सध्या लसणाच्या जुडीशेजारी खुंटीवर टांगलेला आहे.

मित्रांनो, माझा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरात, अब्दुल सत्तार गादीवाल्यांच्या दुकानात झाला. त्या वर्षी कापसाचा भाव असा पडला की लोकांनी लग्नं पुढं ढकलली, आणि लग्नं नाहीत म्हणजे गाद्याही नाहीत. माझ्या पोटात मात्र तो पडलेल्या भावाचा कापूस नाही. माझ्या पोटात सावरीचा कापूस आहे. बांधावरच्या या झाडाला कुणी पेरत नाही, फवारत नाही, आणि त्याच्या भावासाठी आजवर एकही मोर्चा निघालेला नाही. पण शेतातला कापूस पाणी पिऊन तळाला जातो आणि सावरीचा वर तरंगतो. गुण असूनही यादीत नाव नसणारे आम्ही.

मला शिवायला सांगितलं माणिकबाईंनी. त्या बाजारात फुलं विकत. त्यांचा मुलगा कुंदन गोव्यात शिडाच्या होड्या दुरुस्त करी. त्यानं एक होडी स्वतःसाठीच बांधली आणि बायको रागिणी व तीन वर्षांची मैना यांना घेऊन महासागरातल्या दूरच्या बेटांवर जायचं ठरवलं. मोठ्यांची जाकिटं त्याच्याकडे होती. मैनेच्या मापाचं कुठं मिळेना. निरोप घ्यायला तिघं अकोल्याला आली.

"लेकराले समुद्रात काहून नेऊन राहिला रे?" माणिकबाईंनी विचारलं.

"आई, पोरगी मोठी होईन तेव्हा सांगन ना, म्या समुद्र पाह्यला म्हणून."

"मोठी झाली पायजे ना पण! चाल सत्तारभाईकडे."

वऱ्हाडात परवानगी अशीच देतात.

सत्तारभाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण त्यामुळे त्यांचं काही अडलं नाही. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक कापून त्यांनी पिशव्या केल्या, सावरीचा कापूस भरून मेणबत्तीवर त्यांच्या कडा चिकटवल्या आणि वरून मंडपाचं उरलेलं कापड शिवलं. माप घेतलं आणि त्यात चार बोटं वाढवली. आपल्याकडे लेकरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. गणवेश, स्वेटर, चपला, सगळं पुढच्या दोन वर्षांचं. माझंही तसंच झालं.

मैनेला मी चढवला गेलो. सगळ्यांनी वा वा केलं. सत्तारभाईंची बायको कुलसुमबी पुढं आली आणि तिनं मला दोन्ही खांद्यांना धरून वर उचललं. मी वर गेलो, मैना खालून निसटली आणि कापसाच्या ढिगावर बसून हसू लागली. सगळे हसले. कुलसुमबी हसली नाही.

"अजी, जाकीट वर अन् लेकरू खाली. पाण्यात बी असंच होईन."

"वाढत्या अंगाचं शिवलं बेगम. दोन साल चालन."

"अवं, पैले दोन साल पाहू तर द्या तिले!"

तिनं मला उसवलं, चार बोटं कापली आणि पलंगाच्या निवारीचा पट्टा पायांमधून काढून पुढं घट्ट बांधला.

"हा तं लंगोट झाला, चाची," कुंदन म्हणाला.

"झाला तं झाला. समुद्रात कोन पाह्यते?"

गोव्याहून निघाल्यावर सहा दिवस छान गेले. नवव्या दिवशी सुकाणू तुटलं. त्याच्या आधीच मैनेला उलट्या सुरू झाल्या होत्या. दोन दिवस तिच्या पोटात घोटभर पाणी टिकलं नव्हतं. ती रडायचीही थांबली होती. मित्रांनो, लेकरू रडतं तोवर ठीक असतं.

संकटाची हाक देणारं यंत्र कुंदनच्या समोर होतं. "सुकाणू बांधून पाहतो. लोक हसतीन आपल्याले," तो म्हणाला.

"हसू दे. मेलेल्या लेकराच्या मायबापाले कोणी हसत नाही," रागिणी म्हणाली आणि तिनं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी नौदलाचं विमान डोक्यावरून फिरून गेलं. त्याच्यामागून जहाज आलं. लाटा एवढ्या की जहाजाला जवळ येता येईना, म्हणून जवान रबरी होडीतून आले. रागिणीनं मैनेला पुढं केलं, त्याच क्षणी आमची होडी लाटेबरोबर खाली बसली आणि आम्ही दोघं पाण्यात पडलो.

मी बुडायला नकार दिला. दुसरं काही मला येतच नव्हतं. एक जवान पाण्यात झेपावला आणि त्यानं मला खांद्याला धरून उचललं. निवार करकरली. मैना माझ्यातच होती.

"बच्ची मेरे पास है!" तो ओरडला.

तिघंही जहाजावर पोचली आणि तिथल्या डॉक्टरनं मैनेला सलाईन लावलं. संध्याकाळी मैना रडली आणि तिची आईही. जवानानं मला उलटंपालटं करून पाहिलं.

"ये कहाँ बना है, दीदी?"

"अकोला में."

"वहाँ समंदर है?"

"नहीं. वहाँ सास है."

होडी तिथंच सोडावी लागली. अकोल्यात बातमी आधीच पोचली होती. बाजारात चंद्रभान भाजीवाला माणिकबाईंना म्हणाला, "सरकारचं एवढं डिझेल जळलं! लेकराले कोणी समुद्रात नेते काय?"

"तू तुह्या पोराले फटफटीच्या टाकीवर बसवून अमरावतीले नेतं, थे काय कमी धोक्याचं हाय? लंगोट बांधतं काय त्याले?"

चंद्रभान वांगी मांडू लागला. रागिणी मात्र खालच्या आवाजात म्हणाली, "आई, तो खोटं नाही बोलला. डॉक्टर दोन दिवस दूर असन, तिथं एवढं लेकरू न्यायचं नव्हतं."

"चुकलं ना? मग मले सांग. चंद्रभानसमोर काहून कबूल करू?"

मी दोघींच्या बाजूचा आहे. आणि मी निवृत्त झालेलो नाही. आजही गल्लीतलं कोणी धरणावर होडीत बसायला लेकरू नेणार असेल, तर मला मागून नेतं. माणिकबाई पट्टा स्वतः बांधतात आणि खांद्याला धरून लेकरू उचलून बघतात. ढिलं बसलं तर मला परत खुंटीवर टांगतात. मग आईबाप कितीही रुसोत.

मित्रांनो, समुद्राला भिऊ नका, पण लेकराला आजच्या अंगाचं जाकीट घाला आणि हाक मारायची वेळ आली तर लाजू नका. एवढं ऐकलंत तर माझा जन्म सार्थकी लागला.

आणि मला न्याल तेव्हा माझ्यावर बसून कच्चा चिवडा खाऊ नका. कांद्याचा वास आठ दिवस जात नाही.