चावेता खाली पडली

मी चावेता बोलतेय. ऐकायचं असेल तर आधी तोंडातली ती सिगार बाजूला ठेवा. चिरडू नका. ती आपली आपण विझते, एवढं तरी शिका! घटकाभरात तिची राख करता आणि वर ‘वा, काय स्वाद होता’ म्हणून मिशीवर ताव देता. ती वळताना कुणाच्या बोटांचं काय झालं, ते विचारायला तुम्हाला सवड कुठली?

मी म्हणजे बिनमुठीची, अर्धगोल पात्याची सुरी. क्युबात सिगार वळणाऱ्या प्रत्येकाची आपापली चावेता असते. साखर कारखान्यातली एक करवत मोडली, तिच्या पोलादातून आन्सेल्मो नावाच्या वळणाऱ्याने मला घासून घासून घडवलं. मरताना त्याने मला आपल्या मुलाच्या, रेम्बेर्तोच्या हातात दिलं. इथला माणूस अंगातला सदरा काढून देईल, पण चावेता उसनी देणार नाही.

तंबाखूचं मऊ पान मी कापायचं, वळलेली सिगार माझ्या अंगाखाली फिरवून एकसारखी करायची, टोक छाटायचं. जन्मभर हेच. या बेटावरचे मूळ लोक म्हणे पानांची गुंडाळी ओढून देवाशी बोलायचे. मग स्पेनची गलबतं आली. ती माणसंही गेली, तो देवही गेला, धूर तेवढा राहिला. आता दारात पाहुण्यांच्या बसगाड्या थांबतात आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एखादा शहाणा डोळे मिचकावून विचारतो, “सिगारी तरुण मुलींच्या मांडीवर वळतात, ते कुठे पाहायला मिळेल?”

रेम्बेर्तो यावर खेकसायचा, “वळायला फळी लागते, साहेब! मांडीवर पान घेतात त्या खालच्या मजल्यावरच्या बायका. देठ काढायला. ते काय काम आहे?”

त्याची फळी पहिल्या रांगेत होती. सर्वात लांब सिगार, जिच्या टोकाला शेंडी असते, ती तोच वळायचा. म्हातारपणी ज्यांची बोटं गेली त्यांना देठ काढायला खाली पाठवायचे. अशा प्रत्येकाला हा जिन्यापर्यंत पोचवायला जायचा. “बायकांत जातोयस, केस विंचरून जा!” असलं काहीतरी बोलायचा आणि स्वतःच हसायचा. मला तेव्हाही त्याचा राग यायचा.

आमच्या दालनात एक उंच ओटा आहे आणि ओट्यावर वाचकाची खुर्ची. हात कामात गुंतलेले, कान रिकामे, म्हणून वळणाऱ्यांनीच आपल्या कमाईतून वाचक ठेवायला सुरुवात केली, त्याला दीडशे वर्षं होऊन गेली. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. ऐकून कामगार शहाणे होतील म्हणून मालकांना धडकी भरली, राज्यकर्त्यांनी बंदी घातली, तरी वाचन पुन्हा सुरू झालंच. वाचक नेमतात ते वळणारे. आवडलं तर आम्हा चावेतांनी फळीवर ठोकायचं, सगळं दालन दणाणतं. नाही आवडलं तर चावेता जमिनीवर टाकायची. तिथे बोलायचं काही उरत नाही. वाचकाने पुस्तक मिटून खाली उतरायचं.

जुन्या वाचकाचा आवाज बसला, म्हणून नव्यांची परीक्षा ठेवली. पहिली आली सोराइदा. तिची आई जन्मभर खाली देठ काढत होती आणि वरून पायऱ्यांवरून झिरपणारं वाचन ऐकत होती. ते ऐकलेलं घरी लेकीला सांगायची. ओट्यावर बसायचं हे सोराइदाने लहानपणापासून मनात धरलं होतं. त्या दिवशी तिने इस्त्रीचा निळा झगा घातला होता. ती वाचायला लागली आणि दालनातला खोकलासुद्धा थांबला.

कथेत एक बाप समुद्रातून परत येत नाही. तिथे आल्यावर रेम्बेर्तोच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मी त्याच्या हातात होते, मी पाहिलं. त्याने ठोकायला मला उचललं. आणि मी खाली पडले.

मी निसटले. त्याची बोटं कित्येक महिन्यांपासून आखडत होती. सकाळी कोमट कॉफीच्या पेल्याला धरून तो ती मोकळी करायचा, कुणाला दिसू नये म्हणून पाठ करून बसायचा. त्या क्षणी बोटांनी दगा दिला, एवढंच. पण दालनाला काय कळणार? पहिल्या रांगेतल्या, सर्वात जुन्या माणसाची चावेता पडली. मागच्यांना वाटलं, याला काही खटकलं. एक पडली, मग दहा, मग सगळ्याच. फरशीवर तो खणखणाट ऐकून माझंच पातं शहारलं.

सोराइदाचा चेहरा पांढरा पडला. ती म्हणाली, “काय चुकलं तेवढं तरी सांगा. रेम्बेर्तोकाका, तुम्ही सांगा.”

दालनाने त्याच्याकडे माना वळवल्या. ‘निसटली’ एवढा एक शब्द पुरे होता. पण तो शब्द म्हणजे खालच्या मजल्याचा जिना. रेम्बेर्तो खाकरला आणि म्हणाला, “आवाज नाकातून येतो.”

तिने पुस्तक मिटलं आणि ती निघून गेली. शेजारच्या फळीवरची फेर्मिना पुटपुटली, “नाकातून? मेल्या, रडत होतास की!”

“धूर गेला डोळ्यांत.”

“इतकी वर्षं नाही गेला तो? आणि बोटं का लपवतोस रे?”

“तू तुझी फळी बघ!”

मग बासिलियो नावाचा वाचक नेमला गेला. तो प्रेमप्रकरणही हवामानाच्या बातमीसारखं वाचायचा. माणसं पेंगू लागली, सिगारी वाकड्या होऊ लागल्या. एका दुपारी मी पुन्हा रेम्बेर्तोच्या हातून निसटले, आणि बाकीच्यांनी आनंदाने आपापल्या चावेता आपटल्या. बासिलियोही गेला. कुणीतरी ओरडलं, “रेम्बेर्तोचा कान म्हणजे कान!” लोक त्याच्या पाठीवर थापा मारू लागले, आपल्या वाट्याच्या सिगारी त्याला देऊ लागले. आणि हा निर्लज्ज त्या घेऊ लागला! लुळ्या बोटांचा माणूस पारखी ठरला. मला जीभ असती तर मी तेव्हाच भर दालनात त्याची अब्रू काढली असती.

खुर्ची पुन्हा रिकामी झाली. सोराइदा पुन्हा आली. तोच निळा झगा. आपली आई गेली, हे तिने ओट्यावर चढण्याआधी फेर्मिनाला सांगितलं, आणि फेर्मिनाने ते रेम्बेर्तोच्या कानाशी येऊन सांगितलं. “आता हिला पुन्हा नाकातून म्हण,” ती म्हणाली, “मग बघ, तुझ्या हाताचं मी कसं जाहीर करते ते!”

आदल्या रात्रीपासून त्याची बोटं मुठीत वळत नव्हती. सोराइदाने वाचायला सुरुवात केली. तिने आवाज घशात खाली दाबून धरला होता, नाकातून येऊ नये म्हणून! तिचं ते सुरेख वाचन या माणसाच्या एका थापेने असं करून टाकलं होतं. दालन चुळबुळू लागलं. सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते. मी पडते का, याचीच वाट बघत होते ते.

रेम्बेर्तोने खिशातून सिगारींची जुडी बांधायची पिवळी फीत काढली. मला तळहातावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फीत गुंडाळू लागला. गाठ बसेना. त्याने दातांनी ओढली. पहिल्या रांगेत, भर दिवसा, सगळ्यांसमोर. कारखान्याचा मुकादम दारातून बघत होता. विचारायला काही उरलंच नव्हतं. मग बांधलेल्या हाताने त्याने मला फळीवर आपटलं. एकदा. पुन्हा. पुन्हा.

सोराइदा थांबली. “काका, आवाज अजून नाकातून येतो का?” तिच्या बोलण्यात दया नव्हती. का असावी?

“कधीच येत नव्हता,” रेम्बेर्तो म्हणाला. “तेव्हाही हातच गेला होता माझा. तू वाच, तुझ्या आवाजात वाच.”

ती वाचू लागली, तिच्या आवाजात. शेवटी सगळं दालन दणाणलं.

पुढच्याच सोमवारी त्याला खाली पाठवलं. जिन्यापर्यंत फेर्मिना आली. “केस विंचरलेस का रे?” ती म्हणाली, पण तिला हसू फुटलं नाही. आता तो बायकांत बसतो आणि मांडीवर पान घेऊन देठ ओढतो. बसगाडीतल्या पाहुण्यांनी त्याचे फोटो काढलेत.

देठ काढायला चावेता लागत नाही. तरी मी त्याच्या खिशात असते, गंजू लागले आहे. मी त्याला माफ केलेलं नाही. ती बाई खुर्चीवर बसली, पण तिच्या आईने ते ऐकायचं राहून गेलं, ते कुठल्या हिशोबात धरायचं?

दुपारी वरून पायऱ्यांवरून वाचन झिरपतं. ते संपलं की वर चावेतांचा गडगडाट होतो. त्यानंतर खाली एक म्हातारा दातांनी गाठ ओढतो आणि तंबाखूच्या पिंपाच्या झाकणावर मला आपटतो. वरचं दालन तोवर गप्प झालेलं असतं. उशिरा आलेला तो एकच ठोका ऐकू आल्याशिवाय सोराइदा पुस्तक मिटत नाही.