घरात नसलेल्याचं ताट

दुपार झाली की खालच्या खोलीत माझ्या नावाचं ताट मांडलं जातं, आणि मी बरोबर त्याच्या डोक्यावर, वरच्या मजल्यावर उशी तोंडावर दाबून पडलेला असतो. खोकायचं नाही. संडासात पाणी सोडायचं नाही. फळ्या करकरतात म्हणून कूससुद्धा बदलायची नाही. का, तर खाली टोकियोहून, तैवानहून, कुठून कुठून आलेली माणसं गुडघे मुडपून बसलेली असतात आणि माझी आई त्यांना सांगत असते, की आमचा शिगे समुद्रावर गेलाय.

शिगे म्हणजे मीच. रात्रभर होडीवर दिवे लावून माकुलं, म्हणजे स्क्विड, धरतो, सकाळी बंदराला लागतो, दुपारी झोपतो. निदान पूर्वी तरी झोपायचो.

आमच्या इसोझाकीत घरचा माणूस समुद्रावर असला की त्याचं ताट घरी वाढतात. कागेझेन म्हणतात त्याला. त्याच्या नेहमीच्या जागेवर त्याच्याच जेवायच्या काड्या ठेवायच्या, भात, मुळ्याचं लोणचं, असेल तो मासा, आणि झाकण घातलेला सुपाचा वाडगा. बाकीच्यांची जेवणं झाली की झाकण उचलून बघायचं. आतून थेंब धरले असले तर आपला माणूस सुखरूप. आता गरम सुपावर झाकण ठेवलं की थेंब धरणारच, हे काय मला कळत नाही? कळतं. आईलाही कळतं. म्हणून तर ती माझं सूप सगळ्यात शेवटी, उकळतं असताना वाढायची.

आधी तिनं हे बाबांसाठी केलं, बाबा गेल्यावर माझ्यासाठी. तापानं फणफणलेली असताना केलं. शेजारी आग लागली तेव्हा तिनं आधी माझा वाडगा झाकला आणि मग बादली उचलली, असं माझी बायको सातोको अजून चिडून सांगते. तिकडे समुद्रावर माझे हात बधिर व्हायचे, दोरीला काही लागायचं नाही, आणि मी मनात म्हणायचो, आत्ता आई झाकण उचलत असेल. बास. तेवढ्यावर माझी रात्र निघायची. मला देवाधर्माचं फारसं नाही, पण हे होतं.

मग आला होंजो. शहरातला पोरगा, पांढरेशुभ्र बूट, गावात पाहुणे आणायचं काम त्याच्याकडे दिलेलं. पाहुण्यांनी आमच्या अंगणात माकुलं चिरायची, दोरीवर वाळत घालायची, कोंड्यात मुरवलेला बांगडा निखाऱ्यावर भाजून खायचा, 'किती खारट!' म्हणून डोळे मोठे करायचे, आणि पैसे देऊन जायचं. सातोकोला ही कल्पना आवडली. मीही नाही म्हटलं नाही. माकुलं दरवर्षी कमी होत चालली होती, आणि घरात माणसांचा आवाज असला की आई खुलायची, हेही खरं.

एका संध्याकाळी होंजो आमच्याकडे जेवायला होता आणि त्याला कोपऱ्यातलं ताट दिसलं. त्यानं आईला विचारलं,

"मित्सुए-सान, हे कुणाचं?"

"आमच्या शिगेचं. होडीवर आहे ना तो."

आईनं झाकण उचलून दाखवलं, तर म्हणे या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं असणार. होंजो वाईट माणूस नाही हो, हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर दोन लाथा घालून मोकळा झालो असतो.

"आजी," तो म्हणाला, "हे पाहुण्यांना दाखवायलाच हवं. अशी गोष्ट आता राहिलीय कुठे!"

पण पाहुणे येणार दुपारी. म्हणून ताट दुपारी. पहिल्या दिवशी मी जिन्यात डोळे चोळत उभा राहिलो आणि माझ्या कपाळात गेलं.

"आई, मी घरात आहे! घरात असलेल्या माणसाचं ताट मांडतात का? अभद्र आहे ते."

"अरे, दाखवण्यापुरतं रे. संध्याकाळी खरं मांडीन की तुझं."

मांडलंही, काही दिवस. पण दुपारभर पाहुण्यांचं उठून-बसून केल्यावर संध्याकाळी तिचे गुडघे धरायचे. मग दुपारचंच ताट संध्याकाळपर्यंत तसंच राहू लागलं. एवढ्या पानांचं वाढायचं म्हणून माझं सूप आता सगळ्यात आधी ओतून ठेवायचे, वर होंजोचं भाषण लांबायचं. एक दिवस आईनं झाकण उचललं तर आतून कोरडं ठाक. पाहुण्यांचे चेहरे पडले. दुसऱ्या दिवसापासून सातोकोनं इस्त्रीच्या वेळी पाणी मारायचा पंप स्वयंपाकघरात आणून ठेवला. झाकणाला आतून दोन फवारे.

"लाज नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते," सातोको म्हणाली. "तुम्ही माकुलं आणा टोपल्या भरून, उद्या बंद करते." टोपल्या किती भरतात, ते मलाच माहीत होतं.

खोटं तसं कुणीच बोलत नव्हतं. होंजो एवढंच म्हणायचा, "मुलगा समुद्रावर गेला. आई अजून वाट बघते." तो 'अजून' म्हणताना असा काही थांबायचा, की पाहुण्यांनी समजायचं ते समजून घ्यावं. बायका आईचे हात हातात घ्यायच्या. आई मान खाली घालायची. कुणी विचारलंच, किती वर्षं झाली, तर ती नुसती खिडकीतून समुद्राकडे बघायची. वरून मला तिचं मुसमुसणं ऐकू यायचं, आणि सांगतो, ते नाटक नव्हतं. ती खरंच रडायची. मी वर जिवंत, धडधाकट, पोटात कावळे ओरडतायत, आणि ती खाली माझ्यासाठी रडतेय.

माझे गमबूट दारातून हलले, ते मागच्या पडवीत गेले. पाहुण्यांची बस उभी असली की मी मागच्या गल्लीनं यायचं. बंदरात तर माझी पार शोभा झाली. गोनरोकू म्हातारा जाळी शिवता शिवता ओरडायचा, "काय रे मेल्या, आज मेलास की अजून व्हायचंय?" बाकीचे हसायचे. मीही हसायचो. न हसून सांगतो कुणाला!

एका दुपारी मात्र माझं डोकं फिरलं. आदली रात्र अख्खी वाया गेली होती. वाऱ्यानं होडी उलटता उलटता वाचली होती, आणि त्या झोडपण्यात मला आईचं झाकण आठवलं आणि पाठोपाठ सातोकोचा पंप आठवला. बास, संपलं. ज्यावर रात्र निघायची तेच गेलं. सकाळी घरी आलो तर खाली तयारीची धावपळ. कशी झाली रात्र, हे कुणी विचारलं नाही. मी उपाशीच वर जाऊन पडलो. खाली बांगडा भाजल्याचा वास सुटला. होंजो 'अजून' म्हणाला आणि थांबला.

मी उठलो. फळ्या करकरल्या, करकरू देत. जिना उतरलो, पाहुण्यांच्या मधून चालत गेलो, माझ्या ताटासमोर बसलो आणि जेवायला लागलो. भात गार होता. सूप गार होतं. मी आवाज करत प्यायलो.

मग एका बाईनं हुंदका दिला, आणि एकदम टाळ्या! सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. एक परदेशी म्हातारा तर उठून मला मिठी मारायला आला. मुलगा परत आला होता ना! त्यांना वाटलं, हा शेवट असाच बसवलाय. मी तोंडात भाताचा घास घेऊन बसलो होतो आणि माझे फोटो निघत होते.

मी आईकडे बघितलं. वाटलं, आता तरी ती म्हणेल, हा माझा मुलगा, इथेच असतो, भुकेला आहे.

पाहुणे अंगणात गेल्यावर ती बोलली. चिडली होती. "सगळं विस्कटलंस! अजून मागच्या ओळीतल्यांनी ताट बघितलं नव्हतं. ते पाहुण्यांसाठी होतं शिगे, तुझं वर झाकून ठेवलं असतं की नंतर."

"माझं ताट पाहुण्यांसाठी?"

"बरं बाई, तुझं. तुझंच. ओरडू नकोस, बाहेर ऐकू जातं."

तेवढ्यात होंजो धावत आत आला. चेहरा नुसता उजळलेला. "शिगे-सान! काय केलंत तुम्ही! हे रोज जमेल का? अगदी शेवटी, झाकण उचलल्यावर. तुम्ही नुसतं यायचं आणि बसायचं. बोलायचीही गरज नाही."

मी आईकडे बघितलं. ती विचार करत होती. खरंच विचार करत होती, की हे जमेल का.

त्याच महिन्यात मी होडी गोनरोकूच्या पुतण्याला दिली आणि उत्तरेकडच्या एका मोठ्या बोटीवर नाव घातलं. महिनोन्महिने बाहेर राहायचं काम, या वयात कुणी करत नाही. सातोको म्हणाली, "रागानं चाललात." मी म्हटलं, "नाही, माकुलांसाठी." दोन्ही खरं होतं. पण तिसरंही एक होतं, ते मी तिला सांगितलं नाही. मनात म्हटलं, आता मी खरोखर घरात नसेन. आता तरी ताट खरं होईल.

निघताना आईनं माझ्या हातात कोंड्यातल्या बांगड्याचा डबा दिला. माझी कॉलर सरळ केली.

"ताट मांडशील ना गं?"

"म्हणजे काय! रोज मांडीन. वेडा कुठला." तिचे डोळे भरून आले आणि मलाही गलबलून आलं. वाटेत बसमध्ये मी हलका झालो होतो. आपणच फार ताणलं, असंही वाटलं.

बोटीवर हाल काही नवे नव्हते. थंडी होती, झोप नव्हती, सोबतची पोरं माझ्या निम्म्या वयाची. पण संध्याकाळी हात बधिर झाले की मी पुन्हा म्हणू लागलो, आत्ता आई झाकण उचलत असेल. आणि रात्र निघायची. पूर्वीसारखी निघायची.

नोव्हेंबरात इंजिन बिघडलं आणि आम्ही एका बंदराला लागलो. संध्याकाळ होती, बरोबर जेवणाची वेळ. मी मुद्दाम तीच वेळ धरून घरी फोन लावला. आईनं उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"शिगे! कसा आहेस? थंडी आहे का रे तिकडे?"

"आहे. जेवलीस?"

"हो, आत्ताच उरकलं. आज आम्ही दोघीच. नुसतं सूप आणि भात केला."

"मग माझं झाकण बघितलंस की बघायचंय अजून?"

"तुझं कसलं झाकण?"

"ताटाचं गं. माझ्या."

"अरे, आज बुधवार ना," आई म्हणाली. अगदी सहज म्हणाली. "बुधवारी पाहुणे नसतात. काल मांडलं होतं की. ओसाकाची एक बाई इतकी रडली, इतकी रडली, मलाच तिला धरावं लागलं."

फोनच्या खोपट्याबाहेर बोटीवरची पोरं मला हाक मारत होती. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "थेंब धरले होते का?"

"धरणारच ना. सातोको मारते की दोन फवारे," ती म्हणाली. "तू आपला वेळेवर जेवत जा."