खिडकीवरच्या वाकळा

उमरग्यात धुळाप्पांच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला, तेव्हा श्रावस्तीला त्या दोन मोठ्या खिडक्यांचंच अप्रूप वाटलं होतं. उन्हाळा लागल्यावर कळलं, दोन्ही पश्चिमेला. दुपार कलली की काचांना हात लावायची सोय नव्हती. एसी घेतला, तर तो नुसता घरघरायचा आणि खोली कोमटच. वीजबिल पाहून तिचा नवरा प्रसेनजित म्हणाला, "आपण डेपोतच राहायला जाऊ. तिथं पंखा फुकट हाय." तो एसटीत कंडक्टर होता, ती दवाखान्यात नर्स.

एका रविवारी तिनं सासूनं दिलेली वाकळ धुतली. जुन्या लुगड्यांचे थर घालून शिवलेलं ते जड अंथरूण गच्चीपर्यंत नेववेना, म्हणून खिडकीच्या गजांवरच वाळत टाकलं. दुपारपर्यंत ते खडखडीत वाळलं, पण काढायचं राहून गेलं. संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं, आज एसी लावायची आठवणच झाली नाही.

मग तिला चेवच चढला. घरातल्या सगळ्या वाकळांना कड्या शिवून तिनं त्या खिडक्यांवरच्या पडद्याच्या पाइपावर ओवल्या. खाली फरशीला टेकतील अशा सोडल्या, फटीतून गरम हवा येऊ नये म्हणून कडा भिंतीला अडकवल्या. स्वयंपाकघराच्या झरोक्यालाही उशीचा अभ्रा ठोकला. आता एसी थोडा वेळ लावून बंद केला, तरी गारवा टिकायचा. फक्त भर दुपारी घरात बॅटरी घेऊन फिरावं लागायचं.

अडचण एकच. त्या वाकळा चांगुणाबाईंनी, म्हणजे तिच्या सासूनं, लेकाच्या लग्नासाठी म्हणून हातानं शिवल्या होत्या. आणि एका दुपारी त्या माकणीहून न कळवता येऊन दारात उभ्या राहिल्या. श्रावस्ती दवाखान्यात होती. सकाळची ड्यूटी करून आलेल्या प्रसेनजितनं दार उघडलं.

"माझ्या वाकळा खिडकीला टांगल्यात व्हय?" चांगुणाबाई म्हणाल्या. "येऊ दे सुनेला घरी. बोलायचंय मला."

"बोल की. आधी टेक जरा, उन्हातनं आलीस," तो म्हणाला आणि जांभई देत आडवा झाला. "उद्या पहाटेची गाडी हाय माझी. जाग आली तर उठव."

रागानं धुसफुसत त्याही टेकल्या, आणि त्या गार अंधारात कधी घोरायला लागल्या ते त्यांनाच कळलं नाही.

जाग आली तेव्हा खोलीत मिट्ट काळोख. त्यांनी चाचपडत दिवा लावला. घड्याळात पावणेपाच. शेजारी लेक गाढ झोपलेला.

"आरं ऊठ, गाडी चुकंल."

प्रसेनजित धडपडत उठला. "श्रावस्ती कुठंय?"

"मला काय ठावं? म्या आत्ताच उठले."

रात्रपाळी लागली असेल, असं त्याला वाटलं. न्हाणीला खिडकीच नव्हती. त्यानं दोन तांबे अंगावर घेतले, खाकी चढवली, छातीला बिल्ला लावला. चांगुणाबाईंनी चहा केला, तो त्यानं उभ्यानंच घेतला आणि दार उघडलं.

बाहेर रखरखीत ऊन होतं. डोळ्यांवर हात धरून तो जिन्यातच थबकला. खाली सावलीत बसलेले धुळाप्पा म्हणाले, "जय भीम, साहेब. आता कुठं निघालात?"

"पहाटेच्या गाडीला," प्रसेनजितच्या तोंडून गेलं.

"लवकर निघालात की लई."

तेवढ्यात दवाखान्यातून परतलेली श्रावस्ती जिना चढू लागली. ओले केस, कडक खाकी, छातीवर उलटा बिल्ला असा नवरा पाहून आधी ती घाबरली. काय झालं ते तो सांगू लागला आणि अर्ध्यातच दोघंही पायरीवर बसून हसू लागली. श्रावस्तीच्या हातातला डबा सुटून खडखडत खाली धुळाप्पांच्या पायाशी गेला. त्यावरही दोघांना हसू.

वर दारात चांगुणाबाई उभ्या होत्या. उन्हाकडे बघत, आ वासून.

"आत्या, वाकळांचं..." श्रावस्तीनं डोळे पुसत सुरुवात केली. "तुम्हाला विचारायला पायजे होतं मी."

चांगुणाबाईंनी चेहरा कडक ठेवायचा प्रयत्न केला, पण ओठ थरथरले आणि मग त्या पदर तोंडाला लावून अशा हसत सुटल्या की चौकटीला धरून खाली बसल्या. "लेकाला भर दुपारी आंघोळ घातली की गं म्या," एवढंच त्यांना कसंबसं म्हणता आलं.

त्या संध्याकाळी कुणी नीट जेवलंच नाही. एक गप्प झाला की दुसऱ्याला हसण्याचा उमाळा यायचा.

पुढचं बिल निम्म्यावर आलं, पण चांगुणाबाईंनी ते पाहिलंही नाही. धुळाप्पांच्या मंडळींनीही आपल्या खिडक्यांसाठी जुनी लुगडी आणून दिली होती आणि चांगुणाबाई दिवसभर टाके घालत होत्या. माकणीला कधी निघायचं, असं लेकानं विचारलं, तर सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "उन्हाळा सरू दे की. इथं झोप लई झ्याक लागती."