उन्हाळ्यात घेतलेला कोट

वन्सं दारातून आत आल्या की बसलेली माणसं नकळत ताठ बसत. रूपाचा त्यात काही वाटा नव्हता. रूप बेताचंच होतं, आणि त्या स्वतःच सांगत, "नाक आमच्या वडिलांचं आहे, ते त्यांनाच शोभायचं." हा सगळा कपड्यांचा प्रताप. वन्सं एका हॉटेलच्या स्वागतकक्षात उभ्या राहून खोल्यांच्या किल्ल्या देत. पगार तोंडाशी येता येता संपणारा, पण अंगावर असं काही असे की तिथे उतरलेल्या पैसेवाल्या बायका हळूच विचारत, "हे कुठून घेतलंत हो?" वन्सं म्हणत, "जुनंच आहे." बायकांना तो विनय वाटे.

घरच्यांना मात्र ठाऊक होतं. धुलाईच्या दुकानाखाली तळघरात वापरलेल्या कपड्यांचं एक दुकान होतं, आणि वन्संचं कपाट गेली कित्येक वर्षं तिथूनच भरत आलं होतं. त्यांच्या भावजयीने, म्हणजे धाकट्या भावाच्या बायकोने, सुरुवातीला याला पुष्कळ नाकं मुरडली होती. "दुसऱ्याच्या अंगावरचं अंगावर घालायचं म्हणजे मला कसंतरीच होतं," असं ती नवऱ्याला म्हणाली होती, आणि वन्संना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली होती. वन्संनी ते ऐकलं, आणि मनात ठेवलं की सोडून दिलं ते त्यांचं त्यांनाच माहीत.

मग या भावजयीलाच आजार आला. पोटातली गाठ निघाली, पण मागोमाग औषधांचा असा काही मारा झाला की ती अंगाने निम्मी उरली. घरात होतं नव्हतं ते दवाखान्यात गेलं. थंडी सरता सरता डॉक्टर म्हणाले, "आता थांबवू. पुढची थंडी सुरू झाली की पुन्हा फोटो काढू. मग बघू." ते 'मग बघू' तिने दवाखान्यातून घरी आणलं आणि कुणाला न दाखवता उशाखाली ठेवावं तसं ठेवलं. तेव्हापासून ती पुढचं काही ठरवेनाशी झाली. लेकीची शाळेची नोंदणी, गळकं छत, सगळ्याला तिचं एकच उत्तर, "मग बघू." नवरा आधी चिडे, नंतर चिडेनासा झाला. ते तिला जास्त लागलं.

चष्म्याच्या दुकानातली तिची नोकरी मालकांनी राखून ठेवली होती. सोमवारपासून या, म्हणाले. तिने कपाट उघडलं, एकेक काढून घालून पाहिलं. कपडे तिच्या अंगावर हँगरला लटकावेत तसे लटकत होते. गिऱ्हाईकाच्या नाकावर चष्मा बसवायचा म्हणजे अगदी वीतभर अंतरावर चेहरा न्यायचा; एवढ्या जवळून लोक काय बघणार आणि काय विचारणार, या विचाराने तिने कपाट पुन्हा लावून टाकलं. नवरा म्हणाला, "दोन नवे घेऊ की." पैसे कुठून, ते त्याने सांगितलं नाही. मग तिने वन्संना फोन केला.

"वन्सं, तुमच्या त्या दुकानात मला न्याल का?"

मग वन्सं म्हणाल्या, "शनिवारी. सपाट चपला घालून ये. आणि पोट भरून ये, भुकेल्या पोटी माणूस भलतं उचलतं."

शनिवारी ती पाच वर्षांच्या लेकीला, ठकूला, बोटाशी धरून तळघराच्या पायऱ्या उतरली. खाली कपडे मापाने लावलेले नव्हते, रंगाने लावले होते; एका भिंतीवर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत हळूहळू संध्याकाळ होत गेल्यासारखं दिसे. दुकानवाल्या मावशी स्टुलावर बसून बटणं लावत होत्या. वन्संना पाहून त्यांनी नुसती मान हलवली, घरचं माणूस आल्यासारखी.

वन्संचं काम बघण्यासारखं होतं. कपडा हातात आला की त्या आधी तो उलटा करत, शिवणीवरून अंगठा फिरवत, काखेशी नाक नेत. कुठे रंग न जुळणाऱ्या दोऱ्याने शिवलेलं दिसलं की कपाळाला आठी पडे आणि तो कपडा सरळ जागेवर जाई.

"खांदा बसला पाहिजे," त्या म्हणाल्या. "बाकी सगळं शिंप्याच्या हातात असतं. आणि घरात जे आहे त्यातल्या तिघांशी तरी त्याचं पटायला हवं. एकटं पडणारं घ्यायचं नाही."

"माझं स्वतःचं घरात दोघांशीच पटतं," ती म्हणाली.

"दोघांशी पटतं? मग माझा भाऊ सुधारला म्हणायचा."

मावशी दाताने दोरा तोडता तोडता हसल्या. फार दिवसांनी तीही हसली.

राखाडी स्कर्ट मिळाला. सायीच्या रंगाचा, ताठ कॉलरचा शर्ट मिळाला. गर्द हिरवा एक मिळाला, त्याची कॉलर वन्संनी आतून तपासली आणि "हा जिने घातला ती बाई नेटकी होती" असा निर्वाळा दिला. कमरेशी बांधायचं एक मऊ जाकीट मिळालं. सगळ्यांचं सगळ्यांशी पटत होतं. आरशात एक बारीक, नीटस बाई उभी होती, आजारी न दिसणारी. ती बाई तिला बरी वाटली. ओळखीची मात्र वाटली नाही.

"चल, आता मागच्या खोलीत," वन्सं म्हणाल्या.

मागच्या खोलीत थंडीचे कपडे होते आणि डांबरगोळ्यांचा वास. ती दारातच थांबली.

"थंडीचं आत्ता कशाला?"

"थंडीचं उन्हाळ्यातच घ्यायचं. ऐन थंडीत आलं की लोकांनी नको म्हटलेलं तेवढं उरतं. आणि महागही पडतं."

"थंडीचं थंडीत बघू, वन्सं."

वन्संनी ऐकलं नाही. त्यांनी निळा, जवळजवळ काळा वाटावा असा एक कोट काढला आणि तिच्या अंगावर चढवला. कोट असा बसला की मावशीही उठून दारात आल्या. कुठे चुणी नाही, कुठे ढिलं नाही. तिने आरशात पाहिलं. हे अंग आता असंच राहणार, याहून वेगळं काही व्हायचं नाही, असं कुणीतरी माप घेऊन लिहून ठेवल्यासारखं तिला वाटलं. तिने घाईघाईने बटणं सोडली.

तेवढ्यात दांडीवरचा एक विटकरी कोट हलायला लागला. ठकू त्याच्या आत शिरली होती. "आई, हा घे. ह्यात मी पण मावते."

लेकीच्या समाधानासाठी तिने तो घातला. जाड, उबदार, मोठ्या बटणांचा. खांदे ठीक बसले, पण पुढे पोटाशी एवढी जागा राहिली की ठकू पुढून आत घुसली, आणि तरी बटणं लागली. हे तिचं जुनं माप होतं. आजाराआधीची ती यात नेमकी मावली असती.

"छे," वन्सं म्हणाल्या. "पोत्यात घातल्यासारखी दिसतेस. कपडा आजच्या अंगाला घ्यायचा, कालच्या नाही. निळाच घे."

"दोन्ही नको."

"अगं, असा परत मिळायचा नाही."

"वन्सं, थंडीत तो घालणार कोण?"

बोलून गेली आणि मग तिलाच तो आवाज ऐकू आला. मावशी परत आपल्या स्टुलाकडे गेल्या. वन्संचा हात निळ्या कोटाच्या कॉलरवर तसाच राहिला.

"तू," ठकू विटकरी कोटाच्या आतून म्हणाली. "दुसरं कोण?"

स्कर्ट, दोन शर्ट आणि जाकीट तेवढं घेऊन त्या निघाल्या. बसथांब्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "हिरव्या शर्टाची बटणं बदल. प्लास्टिकची आहेत, स्वस्त दिसतात." बस आली तशा त्या मागे न बघता चढल्या. वन्संचं रागावणं आणि रडू आवरणं बाहेरून सारखंच दिसे.

सोमवारी ती कामावर गेली. मालकांनी तिच्यासाठी काउंटरमागे उंच खुर्ची आणून ठेवली होती आणि खुर्चीचा उल्लेखही केला नाही. मागे काचा घासणारा, ज्याला सगळे 'भिंग' म्हणत, तो तिला हिरव्या शर्टात बघून म्हणाला, "आम्हाला वाटलं दवाखान्यात होता. तुम्ही तर विमानातून उतरल्यासारख्या दिसताय." एक गिऱ्हाईक बाई म्हणाल्या, "किती छान बारीक झालात. काय करता, आम्हालाही सांगा." ती म्हणाली, "तुम्हाला नाही सांगणार. चव बरी नाही त्याची." आणि आरसा त्यांच्यापुढे सरकवला.

त्याच आठवड्यात एक आई आपल्या लहान मुलीला घेऊन आली. मुलीचा पहिलाच चष्मा. आईने हट्टाने मोठी चौकट उचलली.

"हीच द्या. वर्षभरात चेहरा वाढेलच की."

यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, हजारदा दिलेलं. "चष्मा आजच्याच चेहऱ्याला लागतो. मोठा घेतला तर नाकावरून घसरतो आणि..." ती मध्येच थांबली. 'वाढेलच की.' किती सहज म्हणाली ती बाई. जणू पुढचं वर्ष कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं.

तिने मुलीच्या नाकाला बेताची बसेल अशी चौकट निवडली, पण काड्या लांब असलेली. काडीचं टोक गरम केलं आणि कानामागे नेहमीपेक्षा अलीकडेच वळवून दिलं. टोकाशी बोटभर जास्तीची काडी राहिली, केसांत लपली.

"हे उरलेलं कापत नाही मी," ती मुलीच्या आईला म्हणाली. "आज हिला नीट बसतोय. ही वाढली की घेऊन या. हे वळण सरळ करीन आणि पुढे जाऊन वळवीन. तोच चष्मा, फक्त..."

पुन्हा ती मध्येच थांबली. पण या वेळी बाईंकडे बघत नव्हती. मुलीच्या कानामागच्या त्या वाकवलेल्या काडीकडे बघत होती.

संध्याकाळी ती घरी न जाता तळघराच्या पायऱ्या उतरली. काउंटरजवळच्या खुंटीवर, जिथे मावशी गिऱ्हाइकांसाठी राखलेले कपडे अडकवत, निळा कोट टांगलेला होता. त्याच्या बटणाला हॉटेलात किल्ल्यांना बांधतात तसल्या निळ्या फितीचा तुकडा बांधला होता.

"तुमच्या वन्संचा," मावशी म्हणाल्या. "शनिवारीच संध्याकाळी परत आल्या होत्या. म्हणाल्या, तिला सांगू नका, थंडी आली की मीच नेईन. मी म्हटलं, इतके महिने मी कुणाचं राखत नाही. तर म्हणाल्या, माझं राखा."

तिने त्या फितीवरून बोट फिरवलं. मग तिने गाठ सोडली.

"हा दुसऱ्या कुणाला द्या, मावशी. तो विटकरी आहे का अजून?"

"आहे. एवढ्या मोठ्या कोटाला कोण हात लावतंय?"

रविवारी शिंप्याच्या दुकानात वन्सं आल्या, कारण तिने बोलावलं होतं. टेबलावरचा विटकरी कोट त्यांनी पाहिला, बाजूला पडलेली निळी फीत पाहिली, आणि त्यांचं वडिलांकडून आलेलं नाक लाल झालं.

"मावशींच्या पोटात काही राहत नाही," त्या म्हणाल्या.

"खांदा बसतो, वन्सं. उलटा करून बघितलाय. वासही घेतलाय."

"कोट घे म्हणत होते ते स्वस्त मिळतो म्हणून नव्हे," वन्सं अगदी हळू म्हणाल्या.

"माहितेय."

तिने कोट चढवला. वन्संनी टाचण्यांची डबी हातात धरली आणि शिंप्याला एकेक टाचणी देत गेल्या. दोन्ही बाजू आत गेल्या, पाठ आत गेली, आणि पोत्यातून हळूहळू एक बाई बाहेर आली. आरशाशी उभी असलेली ठकू ते बघत होती.

"आता मी कुठे मावणार?" तिने विचारलं.

"आत्ता नाही मावणार," तिची आई म्हणाली.

शिंप्याने चिमटीत आतलं कापड धरून दाखवलं. "हे फार होतंय, ताई. जाड कापड आहे, आत ठेवलं तर कमरेशी फुगवटा येणार. कापून टाकतो. मग बघा कसा चापून बसतो."

तिने वन्संकडे पाहिलं. फुगवटा म्हणजे वन्संच्या लेखी गुन्हाच. पण वन्सं टाचण्यांकडे बघत होत्या.

"कापू नका," ती म्हणाली. "आत दुमडा आणि धावदोऱ्याने शिवा. उसवता यायला हवं."

"कधी उसवायचंय?"

'मग बघू' ओठांवर आलंच होतं. तिने ते गिळलं.

"थंडीत," ती म्हणाली. "तोवर अंग भरलं नाही, तर पुढच्या थंडीत."

शिंप्याने खांदे उडवले. "फुगलेलं दिसेल. मग मला बोल लावू नका."

"दिसू दे," वन्सं म्हणाल्या. त्यांनी त्याच्या दोऱ्यांच्या खोक्यात हात घातला, विटकरी रीळ बाजूला सारलं आणि खालून पांढरं काढलं. "आणि आतून हा घाला."

"पांढरा? ह्या रंगावर? उठून दिसेल, बाई."

"दिसायलाच हवा," वन्सं म्हणाल्या. "उसवताना पटकन सापडला पाहिजे तिला."